अकरा ते सोळा वयाच्या मुलांना वाचनालयात काय द्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्ग (सरकारी दर्जानुसार मधल्या श्रेणीतलं) वाचनालय, तुम्ही एकट्या ग्रंथपाल, मदतीला एक शिपाई. बालविभागात चौथी-पाचवीपर्यंतची मुलं भरपूर येतात, सहावी लागली की दिसेनाशी होतात. मे महिन्यात शिबिर घेतलंत, त्यात हस्ताक्षर, चित्रकला, कथाकथन ठेवलंत. लहान मुलं शेवटपर्यंत टिकली, मोठी दोन दिवसांत गेली. आता अकरा ते सोळा वयोगटासाठी उपक्रम हवे आहेत, तेही जवळपास बिनखर्चाचे.

उपक्रम सांगतेच. पण तुमच्या मजकुरातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते 'सहावी लागली की दिसेनाशी होतात' हे वाक्य. शिबिरातून मुलं गेली त्याच्या कितीतरी आधी ती वाचनालयातून गेलेली होती. म्हणून कुठला उपक्रम घ्यावा याच्याआधी ती का जातात ते पाहू. तिथे उत्तर सापडलं की उपक्रम सुचायला फार वेळ लागत नाही.

सातवीतली एक मुलगी वाचनालयात शिरते असं डोळ्यांसमोर आणा. बालविभागात भिंतीवर ससा-कासव, गुडघ्याएवढी स्टुलं, धाकट्या भावाच्या वर्गातली मुलं. तिथे ती बसणार नाही. शेजारी वृत्तपत्र विभाग, तिथे आजोबा मंडळी. पलीकडे अभ्यासिका, तिथे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे ताई-दादा, त्यांना टाचणी पडल्याचाही आवाज नको असतो आणि त्यांचं बरोबरच आहे. उरला देवघेवीचा काउंटर. तिथे चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून द्यायचं, पण तिला नाव कुठे माहीत असतं? शिवाय या वयाची मुलं एकटी येत नाहीत, दोघी-तिघी मिळून येतात, आणि दोघी-तिघी आल्या की बोलणारच. बोलल्या की कोणीतरी दटावतं. पुढच्या वेळी त्या येत नाहीत.

म्हणजे आपल्या इमारतीत या वयाच्या मुलांना बसायला जागा नाही आणि बोलायला मुभा नाही. ही अडचण शिबिराने सुटत नाही, कारण शिबिर संपलं की जागा पुन्हा जशीच्या तशी. म्हणून माझा पहिला सल्ला उपक्रमाचा नाहीच. एक कोपरा द्या. एक टेबल, चार-सहा मोठ्यांच्या मापाच्या खुर्च्या, एक कपाट किंवा नुसती मांडणी, आणि हळू आवाजात बोलायची उघड परवानगी. खोली हवी असं नाही. व्हरांडा चालतो, जिन्याखालची जागा चालते, दिवाळी अंकांच्या रॅकमागची पट्टी चालते; फक्त ती अभ्यासिकेपासून लांब असावी आणि काउंटरवरून दिसावी. पाटीवर 'बाल' हा शब्द नको. नाव मुलांनाच ठेवू द्या. आपल्याला ते विचित्र वाटलं तरी ठेवू द्या.

दुसरी गोष्ट कपाटाची. तुमच्याकडे मुक्तद्वार पद्धत (वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक काढायचं) आहे की कपाटं कुलपात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कुलपात असतील तर निदान या कोपऱ्यातली दोन-तीनशे पुस्तकं मोकळी करा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या पाच सूत्रांतलं पहिलं सूत्रच पुस्तकं वापरासाठी असतात हे आहे, आणि ते सर्वांत जास्त लागू पडतं या वयाला. या मुलांना पुस्तक हातात घेऊन, मागचं पान वाचून, मधलंच पान उघडून, परत ठेवून द्यायचं असतं. असं वीसदा केल्यावर एक पुस्तक घरी जातं. पुस्तकं हरवतील ही वाचनालयाच्या समितीची भीती खरी आहे, थोडी हरवतातही. पण कुलपात सुरक्षित राहिलेलं आणि कोणी न वाचलेलं पुस्तक हेही वाचनालयाचं नुकसानच आहे, फक्त ते कुठल्या रजिस्टरमध्ये दिसत नाही.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं ते आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं जसंच्या तसं उचलावं लागणार नाही. तुमच्या गावात मुली संध्याकाळी किती वाजेपर्यंत बाहेर राहू शकतात, यावर वेळ ठरेल. खेड्यांतून एसटीने शाळेत येणारी मुलं असतील तर शेवटच्या गाडीचं वेळापत्रक हेच तुमचं वेळापत्रक. शाळेच्या अगदी शेजारी वाचनालय असेल तर मधली सुट्टीसुद्धा कामी येते. बाजारपेठेत असेल तर ती शक्यता नाही. इंग्रजी माध्यमाची मुलं किती आहेत यावर पुस्तकनिवड फिरते. आणि वयाचं म्हणाल तर अकरा ते सोळा हा एक गट धरू नका. सहावी-सातवीतल्या मुलांना हाताने काही करायचं असतं, चमू हवा असतो, मोठ्यांचं कौतुकही हवं असतं. आठवीनंतर कौतुकाने ती अवघडतात. त्यांना मत विचारलेलं आवडतं आणि एखादी जबाबदारी पूर्ण विश्वासाने सोपवलेली आवडते. दोन्ही गट एकाच वेळी येऊ द्या, पण कामं वेगळी द्या.

आता मुख्य मुद्दा. अनेक वर्षं या वयाच्या मुलांबरोबर काम केल्यावर माझं मत पक्कं झालंय की त्यांच्यासाठी कार्यक्रम आखायचे नसतात, त्यांच्या हातात वाचनालयाचं खरं काम द्यायचं असतं. कार्यक्रमात दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, भाषण, आभार असा क्रम असतो आणि मुलं सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात. शाळेत त्यांना हे पुरेसं मिळतं. तुमच्या शिबिरातही बहुधा हेच झालं असावं: काय करायचं, किती वेळ, कशा पद्धतीने, हे सगळं मोठ्यांनी ठरवलेलं. आठ वर्षांच्या मुलाला त्यात मजा वाटते. तेरा वर्षांच्या मुलाला त्यात आपली गरज नाही हे लगेच कळतं.

खरं काम म्हणजे काय? मी सर्वांत आधी पुस्तकखरेदी सुचवेन. तुमच्या वार्षिक ग्रंथखरेदीतली छोटीशी रक्कम, अगदी दोन-तीन हजार रुपयेही चालतील, या गटाच्या निवडीसाठी समितीकडून मंजूर करून घ्या. मग मुलांना सांगा की या पैशांची पुस्तकं तुम्ही ठरवायची आहेत. प्रकाशकांच्या सूचीपत्रकांचा गठ्ठा टेबलावर टाका, आसपास ग्रंथप्रदर्शन लागलं असेल तर तिथे घेऊन जा. नियम दोनच ठेवा. जो पुस्तक सुचवेल त्याने ते का हवं हे दोन-तीन वाक्यांत सांगायचं, आणि ते वाचायला तयार असलेली आणखी तीन मुलं शोधून आणायची. हा दुसरा नियम फार कामाचा आहे. त्यासाठी मुलाला वर्गात जाऊन पुस्तकाविषयी बोलावं लागतं, म्हणजे तुमचं काम तोच करतो.

पुस्तकं आली की पुढचं कामही त्यांच्याकडेच. दाखल नोंदवहीत (वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात चढतं ती वही) नोंद करताना शेजारी बसवा, दाखल क्रमांक कसा पडतो ते दाखवा, शिक्का कुठल्या पानांवर मारायचा ते सांगा, तारीखचिठ्ठी चिकटवू द्या, कव्हर घालू द्या. वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषय दाखवणारा आकडा, कसा ठरतो हे सांगितलंत तर त्यात मुलं रमतात. मराठी साहित्याला ८९१.४६ हाच आकडा का, क्रिकेट आणि कुस्ती ७९६ मध्येच का, यावर चांगले वाद होतात. आपण निवडलेल्या पुस्तकावर आपण लिहिलेला क्रमांक बघून मुलं ते पुस्तक कोणी नेलं हे विचारायला दर आठवड्याला येतात. वाचनालयाशी नातं जडायला याहून चांगला रस्ता मला माहीत नाही.

यावर हमखास येणारी शंका: मुलं भलतंच काही निवडतील. निवडू द्या. भुताखेतांच्या गोष्टी निवडतील, खेळाडूंची चरित्रं, जपानी चित्रकथा, मोबाइल गेमवरची पुस्तकं निवडतील. वयाला अगदीच अयोग्य असं काही असेल तर तुम्ही नाही म्हणा आणि कारण स्पष्ट सांगा. एरवी मध्ये पडू नका. आपण अभिजात पुस्तकं ठेवतोच, त्यांची जागा कोणी घेत नाही. पण 'तुम्ही निवडा' म्हणून सांगायचं आणि निवड आपल्याला आवडली नाही म्हणून बदलायची, हे एकदा झालं की या वयाची मुलं पुन्हा विश्वास ठेवत नाहीत.

वेळेबद्दल. आठवड्यातला एकच दिवस, एकच वेळ, वर्षभर. आमच्याकडे शनिवार दुपार बसते, कारण बऱ्याच शाळा शनिवारी सकाळच्या असतात आणि रविवारी क्लासच्या चाचण्या लागतात. तुमच्याकडे वेगळा दिवस असू शकतो, मुलांनाच विचारा. एक ते दीड तास पुरतो. हजेरी घेऊ नका. पहिल्या काही आठवड्यांत चारच मुलं आली तरी तास रद्द करू नका, कारण 'आज आहे की नाही' अशी शंका आली की मुलं यायची थांबतात. खायला काहीतरी ठेवा. चुरमुरे, फरसाण, कांदा, लिंबू आणून भेळ मुलांनाच करू द्या. दुपारी शाळेतून आलेली मुलं भुकेली असतात, आणि हात कामात असले की तोंडं मोकळी होतात. पुस्तकं त्या टेबलापासून लांब ठेवा, एवढंच.

आता प्रत्यक्ष कामं. ज्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते ते आधी सांगते: आपल्या गावाची नोंद. मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटिअर्स, म्हणजे जिल्ह्यांची सरकारी माहितीपुस्तकं, जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत निघालेली, आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात. त्यांत जिल्ह्यातल्या महत्त्वाच्या गावांवर स्वतंत्र टिपणं आहेत: लोकसंख्या, आठवडे बाजाराचा वार, देवळं, विहिरी, नदीवरचे घाट, व्यापार. तुमचं तालुक्याचं गाव आहे, म्हणजे त्यात नोंद असण्याची शक्यता खूप. ती चार पानं छापून टेबलावर ठेवा आणि मुलांना विचारा, यातलं आज काय शिल्लक आहे? मग वह्या घेऊन गावात जायचं. लिहिलेली विहीर सापडते का? बाजार त्याच वारी भरतो का? गल्लीचं नाव कशावरून पडलं? घरच्या आजीला, किराणा दुकानदाराला, निवृत्त गुरुजींना विचारायचं, लिहून आणायचं, आणि दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहायचं.

या कामात एक सुंदर गोष्ट आपोआप घडते. गॅझेटिअर इंग्रजीत आहे, त्यामुळे इंग्रजी माध्यमाची मुलं, जी एरवी मराठी वाचनालयात संकोचून बसतात, ती अर्थ सांगू लागतात. आणि आजीशी नीट बोलून तिचे शब्द जसेच्या तसे टिपणं मराठी शाळेतल्या मुलांना जास्त चांगलं जमतं. दोघांना एकमेकांची गरज लागते. एरवी आपल्या गावांत ही मुलं एकमेकांशी फारशी बोलतही नाहीत. वर्षाअखेरीस या नोंदी स्वच्छ लिहून, बांधणी करून, दाखल क्रमांक देऊन संदर्भ विभागात ठेवा. हे फार महत्त्वाचं आहे. मुलांचं काम फळ्यावर आठवडाभर लावून काढून टाकलं तर ते कौतुक ठरतं. दाखल करून घेतलं तर तो ग्रंथ ठरतो आणि मुलांना हा फरक कळतो.

यालाच जोडून हस्तलिखित. आपल्याकडे शाळांमधून आणि मंडळांमधून हस्तलिखित मासिकांची जुनी परंपरा आहे आणि ती आजही चालते, कारण त्यात चित्र काढणारा, अक्षर चांगलं असलेला, विनोद लिहिणारा, माहिती जमवणारा अशा सगळ्यांना काम मिळतं. दिवाळीत काढा. १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासूनचा हा आपला घरगुती साहित्यसण आहे, आणि तुमच्याकडे दिवाळी अंकांची योजना असणारच. मुलांच्या अंकालाही त्याच रॅकवर जागा द्या. संपादक त्यांनीच निवडायचा. आलेला मजकूर नाकारायचा अधिकारही संपादकालाच, फक्त नाकारताना कारण लिहून द्यायचं. नमुन्याला बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक द्या. हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत.

दिवाळीतच किल्ला. किल्ला करायला मुलांना कोणी शिकवावं लागत नाही. माती, विटा, गोणपाट, हळीव-मोहरी सगळं ती आणतात. वाचनालयाच्या अंगणात एक जागा द्या, अट एवढीच की किल्ला खरा असावा आणि प्रत्येक भागाचा आधार पुस्तकात दाखवता यावा. राजगड करायचा तर पद्मावती, संजीवनी, सुवेळा या तीन माच्या आणि बालेकिल्ला बरोबर दिशांना आले पाहिजेत. मग नकाशे उघडतात, दुर्गभ्रमणाची पुस्तकं कपाटातून बाहेर येतात, 'इथे तर वेगळंच लिहिलंय' अशी भांडणं होतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि जिंजी तमिळनाडूतला. जिंजी करायला घेतलेल्या गटाला सर्वांत जास्त वाचावं लागतं, म्हणून मी तो मुद्दाम आठवी-नववीला सुचवते.

मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस. सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते. हा दिवस अक्षांशाप्रमाणे बदलतो: कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, नागपुरात २६ मेला. तुमच्या गावाची तारीख मुलांनाच शोधू द्या. साडेबाराच्या आसपास अंगणात सपाट पुठ्ठ्यावर एक सरळ नळी उभी करायची, पाच-पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची. साहित्याचा खर्च काही नाही. दोन-तीन दिवस आधीपासून खुणा केल्या तर सावली कशी आखडत जाते तेही दिसतं. उन्हाचा भाग आहे, टोप्या आणि पाणी असू द्या. त्या दिवशी खगोलशास्त्राची पुस्तकं टेबलावर मांडून ठेवली तर ती संध्याकाळपर्यंत घरोघरी गेलेली असतात. सांगून नेत नाहीत, प्रश्न पडलेला असतो म्हणून नेतात.

पावसाळ्यातल्या एखाद्या कंटाळवाण्या शनिवारी रद्दीतले वर्तमानपत्र घ्या. एक बातमी, एक पेन्सिल, एक काळं स्केचपेन. बातमीतले आवडलेले शब्द चौकटीत घ्यायचे आणि बाकी सगळं काळं करायचं. उरलेले शब्द वरून खाली वाचले की कविता होते. 'मला कविता येत नाही' म्हणणारी मुलं यात पुढे असतात, कारण कोरा कागद समोर नसतो. बुद्धिबळ, कॅरम, शब्दकोडी हे कायम ठेवाच, त्यासाठी वेगळं काही आखावं लागत नाही.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांबद्दल थोडं अधिक. ती मराठी छान बोलतात, पण वाचताना अडखळतात आणि सातवी-आठवीत आलेल्या मुलाला अडखळणं लाजिरवाणं वाटतं. त्यांना लहान मुलांची मोठ्या टाइपातली पुस्तकं देऊ नका, अपमान वाटतो. अभिवाचन करा. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेसारखी वेगवान गोष्ट घ्या, चार जणांत पात्रं वाटा, निवेदन चांगलं वाचणाऱ्याकडे द्या आणि अडखळणाऱ्याला छोटे, ठसकेबाज संवाद द्या. दोन-तीनदा सराव झाला की अडखळणं कमी होतं, आणि गोष्ट अर्ध्यावर थांबवली की पुस्तक कोण नेणार यावर चढाओढ लागते. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकवलं तर आणखी मन लावून वाचतात.

काय टाळते तेही सांगते. निबंध, वक्तृत्व, हस्ताक्षर, पाठांतर या स्पर्धा. त्यांत वाईट काही नाही, पण गावातली तीच पाच-सहा मुलं प्रत्येक ठिकाणी पहिली येतात, बाकीच्यांना आपण कितवे येणार हे आधीच माहीत असतं. वाचलेल्या पुस्तकाचा सारांश लिहून आणायला मी कधीच सांगत नाही. वाचनाला गृहपाठ जोडला की वाचन संपतं. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन तुम्हाला करावेच लागतील, अहवालही द्यावा लागेल. ते दिवस या मुलांकडे सोपवा. पाहुणे कोण, त्यांना प्रश्न कोण विचारणार, मांडणी कशी, सगळं त्यांनी ठरवायचं. पाहुण्यांनी भाषण न करता मुलांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, एवढी विनंती आधी करून ठेवा. लेखकच हवा असंही नाही. एसटीचा वाहक, आशाताई, विहीर खोदणारा, तमाशात काम केलेला कलाकार यांच्याशी गप्पा मुलं जास्त मनापासून मारतात.

सुरक्षिततेबद्दल मात्र कडक राहा. मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं असावीत, त्यातली शक्यतो एक बाई. दार बंद करून कुठलाही उपक्रम नको. गावात फिरताना मुलांना एकटं पाठवू नका, तिघा-चौघांचा गट आणि सोबत एक पालक. मुली उजेडात घरी पोचतील अशी वेळ. निरोपांसाठी व्हॉट्सअॅप गट पालकांचा करा, मुलांचा नको. फोटो वाचनालयाच्या पानावर टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर आहे. आणि मूल काही खासगी, घरातलं, त्रासाचं सांगू लागलं तर शांतपणे ऐका, 'कोणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका. मदतीसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक त्या कोपऱ्यात भिंतीवर लावून ठेवा.

तुम्ही शेवटी विचारलंय की या सगळ्यातून मुलं वाचतील का. काही वाचतील, काही नाही. उपक्रमापासून पुस्तकापर्यंतचं अंतर आपण कमी करायचं. प्रत्येक कामाला जोडलेली आठ-दहा पुस्तकं त्याच टेबलावर, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी मांडा. कण्याकडून लावलेली पुस्तकं या वयाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. तास संपता संपता एकाच पुस्तकावर मिनिटभर बोला आणि गोष्ट जिथे अडकते तिथे थांबा. ते पुस्तक तुम्हाला स्वतःला आवडलेलं असलं पाहिजे, मुलांना खोटं कौतुक लगेच कळतं. काही महिन्यांनी ही एका मिनिटाची जागा मुलांना द्या.

समितीला पटवणं हा वेगळाच विषय आहे. त्यांचे प्रश्न रास्त असतात: गोंगाट होईल, पुस्तकं हरवतील, खर्च होईल. त्यांना आकडे दाखवा. आजच देवघेव रजिस्टर काढा आणि अकरा ते सोळा वयाच्या सभासदांनी गेल्या तीन महिन्यांत किती पुस्तकं नेली ते मोजून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. पण तुमच्या स्वतःच्या समाधानासाठी दुसरीच खूण बघा: शनिवार नसताना, काही ठरलेलं नसताना, कोणी मूल येऊन त्या कोपऱ्यात बसतं का? बसत असेल तर जम बसतोय.

सुरुवात कधी करायची? जून-जुलैमध्ये शाळा सुरू झाल्यावर, मे महिन्याची वाट न पाहता. पहिल्या महिन्यात फक्त कोपरा, मोकळं कपाट आणि भेळ. गणपतीच्या आधी पुस्तकनिवड सुरू करा, म्हणजे पुस्तकं दिवाळीपर्यंत हातात येतील. दिवाळीत किल्ला आणि हस्तलिखित. गावाची नोंद थंडीत, तेव्हा फिरायला बरं पडतं. सगळं एका वर्षात करू नका. यातली दोनच कामं नीट झाली तरी पुष्कळ.

दहावीची मुलं दिवाळीनंतर येणार नाहीत. त्यांना बोलावत बसू नका आणि त्यांचं सभासदत्वही बंद करू नका. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि निकालापर्यंत त्यांच्याकडे एवढा मोकळा वेळ असतो जेवढा पुन्हा अनेक वर्षं मिळत नाही. शेवटच्या पेपरच्या दिवशीच त्यांच्या घरी फोन करा आणि विचारा, उन्हाळ्यातले शनिवार तू सांभाळशील का? बहुतेक जण हो म्हणतात, आणि मग सहावीतल्या मुलांना वाचनालयात टिकवायचं काम तुमच्यापेक्षा ते जास्त चांगलं करतात.